‘ज्ञानदा’ची ‘डायनानाडा’ झाली तेव्हा: परदेशी जन्मदाखल्यावरचं नाव दुरुस्त कसं करायचं

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, आधारला मोबाइल जोडणं, हे रोजचं काम. परदेशी जन्मदाखल्याशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण आमच्याकडच्या पोरांनी पुणं ओलांडलं. कोणी अमेरिकेत गेलं, कोणी दुबईला, कोणी ओमानच्या रिफायनरीत. नातवंडं तिकडे जन्मली आणि त्यांच्या नावांची भानगड आजोबांच्या मोबाइलवरून माझ्या टेबलावर येऊ लागली. त्यातली पहिली भानगड माझ्याच घरची.

धाकट्या भावाला अमेरिकेत मुलगी झाली. आपल्याकडे कसं, बाराव्या दिवशी बारसं, पंचांगातून निघालेलं अक्षर, आत्यानं कानात सांगितलेलं नाव. कायद्यानंही जन्म बिननावाचा नोंदवता येतो आणि बारा महिन्यांच्या आत नाव फुकटात चढवता येतं. तिकडे बाळंतीण दवाखान्यात असतानाच फॉर्म पुढे येतो, नाव लिहा म्हणून. आमच्या आईनं फोनवर नाव सांगितलं, मी ते व्हॉट्सअॅपवर मराठीत पाठवलं, भावानं दोन रात्रींच्या जागरणात इंग्रजीत लिहिलं, तिथल्या कारकुनानं संगणकात घातलं. चार हातांतून गेलेल्या नावात एन आणि वाय यांची जागा बदलली. ज्ञानदाची डायनानाडा झाली. (खरं नाव दुसरं आहे, चूक मात्र हीच.) आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘‘हे पोरीचं नाव व्हय का फवारणीचं औषध?’’

आम्ही हसलो, आणि मी मोठ्या भावाच्या तोऱ्यात सल्ला दिला, ‘‘राहू दे, पासपोर्ट काढून घे. इकडे आल्यावर ॲफिडेव्हिट करून टाकू.’’ तो सल्ला साफ चुकीचा होता. दाखला चुकीचा, त्यावरून पासपोर्ट चुकीचा, त्यावरून ओसीआयचा (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं त्या कार्डाचा) अर्ज चुकीचा, आणि मग सगळं उलट्या पावलांनी उसवत न्यायला लागलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

जन्माची नोंद ज्या दप्तरात झाली, दुरुस्ती त्याच दप्तरात होते. ग्रामपंचायत, तहसील, जिल्हा परिषद, नागपूरचं पासपोर्ट कार्यालय, यातलं कोणीही अमेरिकेच्या किंवा शारजाच्या दाखल्यावरचं एक अक्षर बदलू शकत नाही. आपल्या १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम १५ निबंधकाला चूक दुरुस्त करायचा अधिकार देतं, पण तो त्याच्या स्वतःच्या नोंदवहीपुरता. तिथेही मूळ नोंद खोडायची नसते. समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख टाकायची असते. दुसऱ्या देशाच्या वहीचा समास आपल्या ग्रामसेवकाच्या हाती नाही. (२०२४मध्ये ग्रामसेवकाचं पद ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, मीही तेच म्हणणार.)

‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे’ असं प्रतिज्ञापत्र तहसीलसमोरच्या झाडाखाली दहा मिनिटांत होतं. ते बँकेत कधी चालून जातं, म्हणून लोकांना वाटतं सगळीकडे चालेल. जन्मनोंदीच्या दुरुस्तीत ते फार तर जोडपत्र. त्यानं नोंद बदलत नाही.

वहीचं एक पान

आता कामाला लागू. शंभर पानी वही घ्या आणि एका पानावर पाच रकाने आखा: कागद कोणता, बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. मग घरातला प्रत्येक कागद समोर ठेवून त्यावर जसं आहे तसं, अक्षरन् अक्षर, इंग्रजीत उतरवा. परदेशी जन्मदाखला, आई-वडिलांचे पासपोर्ट, लग्नाचं प्रमाणपत्र, दहावीची सनद, आधार. मनानं काही सुधारू नका. ‘हे तर असंच असते’ म्हणून डोळा पुढे सरकतो आणि नेमकी तिथेच चूक बसलेली असते.

आमचं पान भरल्यावर दिसलं की बाळाच्या नावाशिवाय वहिनीच्या माहेरच्या आडनावातही एक अक्षर कमी होतं. अमेरिकेत दाखल्यावर आईचं लग्नाआधीचं आडनाव लिहायची पद्धत आहे, आणि तिच्या पासपोर्टवर सासरचं. एकाच अर्जात दोन्ही चुका घातल्या म्हणून दुसऱ्यांदा फी भरावी लागली नाही.

आता बरोबर स्पेलिंग कोणतं, ते ठरवा. हे वाटतं तेवढं सोपं नाही. मराठी नावाचं इंग्रजीत एकच एक रूप कुठे असतं? ‘ज्ञ’ आपण मराठी लोक डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाले जी-वाय लिहितात. ‘व’साठी कोणी व्ही लिहितं, कोणी डब्ल्यू. गावंडे घ्या: दोन सख्खे भाऊ, एकाच्या सनदेवर डब्ल्यू, दुसऱ्याच्या व्ही. वानखडे आणि वानखेडे तर मराठीतच दोन, इंग्रजीत चार होतात. ठाकरेमध्ये शेवटच्या ‘र’च्या आधी ए आहे की नाही, यावरून एका कुटुंबाचं लग्नाचं प्रमाणपत्र माझ्याकडे तीनदा आलं.

माझा नियम असा: आडनाव वडिलांच्या भारतीय पासपोर्टवर जसं आहे तसंच बाळाचं, मग ते कानाला कसंही वाटो. वडिलांच्या पासपोर्टवरचं आडनावच चुकीचं असेल तर आधी तो पासपोर्ट, मग बाळाचा दाखला. पण त्या चुकीच्या स्पेलिंगवर नोकरी, व्हिसा, बँक सगळं उभं असेल तर आता तेच तुमचं आडनाव समजा आणि पुढे चला. आजोबांना राग येईल. येऊ द्या.

मधल्या नावाचं वेगळंच. आपण वडिलांचं नाव मध्ये घालतो. भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाला स्वतंत्र रकाना नाही. ते ‘गिव्हन नेम’मध्येच बाळाच्या नावामागे बसतं. अमेरिकेच्या फॉर्मवर मात्र पहिलं, मधलं, शेवटचं असे तीन रकाने असतात. तिथे वडिलांचं नाव एकदा पहिल्या रकान्यात जोडून आणि एकदा मधल्या रकान्यात असं दोनदा गेलेले दाखले मी पाहिले आहेत.

ठरलेलं स्पेलिंग मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा, दोघा नवरा-बायकोनं सही करा आणि त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका. यानंतर कोणीही फोनवर स्पेलिंग सांगायचं नाही. बी आणि डी, एम आणि एन फोनवर सारखेच ऐकू येतात.

चूक की बदल?

परदेशातला अधिकारी हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो, आणि उत्तरावर सगळी वाट बदलते. टायपिंगमध्ये अक्षर पुढेमागे झालं, ही चूक. ती दाखवायला पुरावा लागतो आणि बहुधा कार्यालयातच काम होतं. पण दाखल्यावर ‘रिया’ लिहिलं, मग आजीनं पंचांग काढलं आणि अक्षर ‘च’ निघालं म्हणून आता ‘चैत्राली’ हवं, हा नावबदल. त्याला बऱ्याच ठिकाणी कोर्टाचा आदेश लागतो. काही अमेरिकी राज्यांत बाळ वर्षाचं व्हायच्या आत पहिलं नाव बदलायला सूट असते. इंग्लंड आणि वेल्समध्येही नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत बाळाचं पहिलं नाव बदलून घ्यायची तरतूद आहे.

अर्जात म्हणून फक्त चुकीबद्दल लिहा. ‘आमच्या घरच्यांना हे नाव पसंत नव्हतं, शिवाय स्पेलिंगही चुकलं’ असं एका वाक्यात दोन्ही घातलं की अर्ज दुसऱ्या खिडकीवर जातो.

गावाकडून काय पाठवायचं

तिकडचा अधिकारी विचारतो, तुम्ही म्हणता तेच स्पेलिंग खरं कशावरून? बाळाच्या पहिल्या नावासाठी दवाखान्यात भरून दिलेल्या फॉर्मची प्रत, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरचं पत्र कामी येतं. आडनावासाठी आणि आई-वडिलांच्या नावांसाठी आपल्याकडचे कागद.

आई-वडिलांचे पासपोर्ट सगळ्यात वजनदार. त्याखाली दहावीची सनद, कारण अमरावती किंवा नागपूर बोर्डाच्या सनदेवर नाव इंग्रजीत छापलेलं असतं. टीसी आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मराठीत असतो. तो पाठवायचा तर इंग्रजी भाषांतर करून, भाषांतरकाराच्या सही-शिक्क्यासह. मराठी कागदावर इंग्रजी स्पेलिंग नसतंच, त्यामुळे स्पेलिंगच्या वादात तो फार मदत करत नाही. आजोबा कौतुकानं कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल काढून आणतात. ती जातपडताळणीला सोन्यासारखी, पण इथे तिचा काही उपयोग नाही. ती परत कपाटात ठेवा.

लग्नाचं प्रमाणपत्र मात्र नीट पाहा. गावात लग्नाची नोंद १९९८च्या महाराष्ट्र कायद्याखाली होते आणि प्रमाणपत्र ‘नमुना ई’मध्ये मिळतं. आमच्याकडे ते बरेचदा लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी, व्हिसाची घाई सुटल्यावर काढलं जातं आणि इंग्रजी बाजू अंदाजानं टाइप होते. ही चूक मात्र आपल्या ग्रामसेवकाच्या हातातली आहे. पासपोर्टच्या प्रती घेऊन जा आणि आधी ती दुरुस्त करून घ्या. नाहीतर चुकीचा पुरावा जोडून चूक दुरुस्त करायला निघाल्यासारखं होतं.

अमेरिकेत जन्म झाला असेल तर

अमेरिकेत जन्मनोंद केंद्र सरकार ठेवत नाही. प्रत्येक राज्याचं स्वतःचं जन्म-मृत्यू नोंद कार्यालय असतं, फॉर्म वेगळे, फी वेगळी. न्यूयॉर्क शहराचं तर न्यूयॉर्क राज्यापासून वेगळं दप्तर आहे. म्हणून मावसभावाच्या पोराचं टेक्सासमध्ये कसं झालं ते ऐकून कॅलिफोर्नियात अर्ज करू नका.

बाळ काही आठवड्यांचंच असेल तर पहिला फोन दवाखान्याच्या जन्मनोंद विभागाला. चूक दवाखान्यानं माहिती भरताना झाली असेल तर पुष्कळदा तेच राज्याच्या कार्यालयाकडे दुरुस्ती पाठवतात, आणि ही सगळ्यात सोपी वाट असते. दिवस गेले की ती बंद होते आणि आई-वडिलांनी स्वतः दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो: छापील प्रतिज्ञापत्र, पुराव्याच्या प्रती, फी. काही राज्यांत सह्या नोटरीसमोर कराव्या लागतात. कॅलिफोर्नियात या अर्जाला व्हीएस २४ म्हणतात आणि वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोघांच्या सह्या लागतात. तिथे दुरुस्तीनंतरही मूळ पान तसंच राहतं आणि दुरुस्तीचं दुसरं पान त्याला जोडलं जातं. दोन पानी दाखला पाहून घाबरू नका, तोच पूर्ण दाखला. पुढे कुठेही देताना दोन्ही पानं द्या. एका काकांनी ‘जुनं चुकीचं पान’ म्हणून पहिलं पानच काढून ठेवलं होतं.

मागवताना पूर्ण दाखला मागवा, आई-वडिलांची नावं असलेला. छोट्या दाखल्यावर ती नसतात आणि ओसीआयला तो चालत नाही. प्रमाणित प्रती तीन तरी घ्या. इथून पुन्हा मागवणं महागात पडतं.

अर्जाच्या काळात आई-वडील गावी आलेले असले तर सहीचा घोळ होतो. तहसीलसमोरच्या नोटरीचा शिक्का तिकडचं राज्य तसाच मानेल असं धरू नका. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत वेळ घेऊन नोटरीची सही मिळते, एका शिक्क्याला ५० डॉलर. नागपूरहून रात्रीच्या गाडीनं जाऊन येणं धरलं तर खर्च वाढतो. त्यामुळे जमलं तर सह्या तिकडेच करून निघावं. आणि फोन करायचा असेल तर वेळेचं गणित: पूर्वेकडच्या राज्यांत सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. नेमकी दिवाबत्तीची आणि लाइट जायची वेळ. आम्ही वर शेतातल्या टेकडीवर जाऊन फोन केले आहेत.

दाखला दुरुस्त होऊन हातात आला की पासपोर्ट. पहिला पासपोर्ट निघून वर्ष झालं नसेल तर डीएस-५५०४ फॉर्म पाहा, नाव बदलल्याच्या किंवा छपाईच्या चुकीच्या कामासाठी तोच आहे. वर्ष उलटलं असेल तर सोळा वर्षांखालच्या मुलांना डीएस-११ भरून नव्यानं अर्ज करावा लागतो, आई-वडील दोघांनी हजर राहून. एकाला जमत नसेल तर त्याची नोटरी केलेली संमती डीएस-३०५३ वर. पासपोर्टनंतर ओसीआय, कारण ओसीआयवरचं नाव पासपोर्टवरून घेतलं जातं. हा क्रम उलटा केला की आमच्यासारखी दुप्पट फी.

आखातात जन्म झाला असेल तर

इथे गोष्ट पूर्ण वेगळी. आखातात जन्मलं म्हणून बाळ तिथलं नागरिक होत नाही. ते भारतीयच, आणि त्याला भारतीय पासपोर्ट घ्यायचा असतो. चूक बहुतेक वेळा अरबीतून येते. अरबीत ‘प’ नाही, ‘च’ नाही, ‘ट’ नाही. ‘प’चा ‘ब’ होतो. पाटील अरबीत ‘बातील’ लिहिलं जातं. मग कोणी तरी अरबी बाजू वाचून इंग्रजी लिहिलं की तिथेही पीऐवजी बी येतं. शेजारच्या गावातल्या एका पोराचा पार्थ असाच ‘बार्थ’ होऊन आला. अरबी बाजूचा ‘ब’ ही चूक नव्हे, लिपीची अडचण आहे. त्यासाठी भांडू नका. इंग्रजी बाजू मात्र आई-वडिलांच्या पासपोर्टशी तंतोतंत जुळली पाहिजे. अरबी येत नसेल तर दाखला हातात घेतल्या घेतल्या खिडकीवरून हलण्याआधी अरबी येणाऱ्या सहकाऱ्याला त्याचा फोटो पाठवून दोन्ही बाजू वाचून घ्या. सौदीच्या कागदांवर हिजरी तारीखही असते, तीही मोजून पाहा.

दुरुस्ती करायची ती दाखला प्रमाणित करण्याच्या आधी. एका देशाचा कागद एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशात मानायचा, असा हेग करार आहे, आणि त्या शिक्क्याला ॲपोस्टिल म्हणतात. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, म्हणून तिथे ॲपोस्टिल नाही; दाखल्यावर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि पुढे आपल्या वकिलातीचं काम. शिक्के मारून झाल्यावर चूक दिसली तर नव्या दाखल्यावर तेच सगळे शिक्के पुन्हा. ओमान, बहारीन आणि २०२२पासून सौदी अरेबिया त्या करारात आहेत, तिथे ॲपोस्टिल चालतं. पण ॲपोस्टिल म्हणजे काय, तेही समजून घ्या. तो शिक्का फक्त सांगतो की कागदावरची सही आणि मोहर खऱ्या अधिकाऱ्याची आहे. आतलं नाव बरोबर आहे, असं तो सांगत नाही. चुकीच्या दाखल्यावर ॲपोस्टिल घेतलं तर चूक फक्त जास्त देखणी होते.

दोन मुदती भिंतीवर लिहून ठेवा. अमिरातीत बाळाच्या जन्मापासून १२० दिवसांत त्याचा राहण्याचा व्हिसा व्हावा लागतो, आणि त्याला पासपोर्ट लागतो. दुसरी भारताची: ३ डिसेंबर २००४ किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हायला हवी, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांनी लिहून द्यायचं. नागरिकत्व कायद्याचं कलम ४. वर्ष उलटल्यावर केंद्र सरकारची परवानगी लागते. दाखला दुरुस्तीत अडकला आणि १२० दिवस संपत आले तर वकिलातीला लेखी कळवून विचारा. गप्प बसून मुदत जाऊ देणं सगळ्यात वाईट.

वकिलातीत नोंद झाल्यावर तिच्याकडून जे प्रमाणपत्र मिळतं ते आपल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० प्रमाणे भारतात नोंदवल्यासारखंच धरलं जातं. म्हणून त्यात चूक असेल तर पुन्हा तीच वकिलात, दुरुस्त केलेला परदेशी दाखला घेऊन.

इंग्लंडमध्येही स्थायिक नसलेल्या भारतीय आई-वडिलांचं मूल आपोआप ब्रिटिश होत नाही, तेही वकिलातीच्याच वाटेनं जातं. तिथली दुरुस्ती जन्म नोंदवला त्या कार्यालयात होते आणि नोंदीच्या समासात लिहिली जाते. जुनं चुकीचं नाव वहीत कायम दिसत राहतं. तशीच पद्धत आहे.

कायमचे गावी परत आलात तर

नोकरी सुटली, शेती बघायला परत आलात, मूल भारतीय आहे आणि वकिलातीत नोंद करायची राहून गेली. यासाठी कलम २०चं दुसरं पोटकलम आहे: स्थायिक व्हायच्या हेतूनं परतलेल्या आई-वडिलांना मूल भारतात पोचल्यापासून ६० दिवसांत, इथेच जन्मल्यासारखी नोंद इथल्या निबंधकाकडे करता येते. दिवस विमानतळावरच्या शिक्क्यापासून मोजा. ग्रामसेवकाला हे कलम माहीत असेलच असं नाही, वर्षानुवर्षं असं प्रकरण त्याच्यापुढे येत नाही. कलमाची छापील प्रत घेऊन जा आणि नम्रपणे दाखवा. ६० दिवस उलटले तर उशिराच्या नोंदीची कलम १३ची वाट, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२५पासून राज्यात उशिराच्या जन्मनोंदींची छाननी कडक झाली आहे, तेव्हा कागद पूर्ण ठेवा. परदेशी दाखल्यावर नाव चुकलेलं असेल तर ते इथे तसंच उतरेल, म्हणून आधी तिकडची दुरुस्ती.

याच ठिकाणी कोणी तरी कानाशी लागतो. ‘‘कायले एवढा खटाटोप भाऊ? पोट्टं इथंच झालं म्हणून लिवून घेऊ, दाई मावशी सांगन.’’ हे करू नका. एका मुलाचे दोन देशांत दोन जन्म दाखवले की खोटी नोंद हा गुन्हा तर आहेच, वर पासपोर्टवरच्या जन्मस्थानाशी तो दाखला आयुष्यभर भांडत राहतो. अमेरिकी पासपोर्ट असलेल्या मुलाचं तर विचारूच नका, भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. माझ्याकडे असं काम घेऊन आलेल्याला मी चहा पाजतो आणि परत पाठवतो.

दुरुस्त दाखला आल्यावर

मुलाचा भारतीय पासपोर्ट चुकीच्या नावानं निघाला असेल आणि तुम्ही आता विदर्भात असाल तर तो पासपोर्ट सेवेवर ‘वैयक्तिक तपशिलात बदल’ म्हणून पुन्हा काढता येतो. दुरुस्त परदेशी दाखला, जुना पासपोर्ट, आई-वडिलांचे पासपोर्ट आणि दोघांच्या सहीचं अनुबंध डी, म्हणजे अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टसाठी आई-वडिलांनी द्यायचं घोषणापत्र. बाबा तिकडेच असतील तर हे सह्यांचं काम आधी मिटवून ठेवा, भेटीच्या दिवशी धावपळ होते.

आधार त्यानंतरच. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी दीड वर्षाच्या लेकरासाठी कशाला वाया घालवता?

शाळेचं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जपून. दाखल-खारीज रजिस्टरमध्ये एकदा शाईनं नाव चढलं की पुढे बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि ती फाइल यवतमाळला पडून राहते. गुरुजी नाव लिहीत असताना समोर बसा, दुरुस्त दाखला उघडा ठेवा आणि मराठी नावही स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून द्या. इंग्रजी दाखल्यावरून मराठी लिहिताना ‘ज्ञानदा’चं ‘द्यानदा’ व्हायला वेळ लागत नाही.

जुना चुकीचा दाखला आणि रद्द झालेला पासपोर्ट फाडू नका. जुन्या नावावर निघालेला व्हिसा किंवा विमा कधी निघालाच तर दोन्ही नावांची साखळी त्याच कागदांनी दाखवता येते. आमच्या घरी ते वहीच्या त्या पाच रकान्यांच्या पानासकट एका प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या पेटीत आहेत. आईनं पिशवीवर स्केचपेननं लिहून ठेवलं आहे: ‘ज्ञानदाचे कागद. कोनी हात लावू नये.’